'संदर्भ हवा' म्हणजे शिवी नव्हे

मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्याच्या शेवटी कंसात 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं दिसतं. आपल्यातल्या अनेकांना तो आरोप वाटतो. मला तो तिथला सर्वात प्रामाणिक शब्द वाटतो.

आमच्या नगरचंच घ्या (नाव आता अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच). डोंगरावरच्या त्या अष्टकोनी इमारतीला सगळे 'चांदबिबी महाल' म्हणतात. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. मग कुणी 'महाल' लिहिलं तर वाक्य खोडायचं का? माझं मत, नाही. लोक काय म्हणतात हीसुद्धा नोंद आहे. फक्त ती 'लोक म्हणतात' अशीच लिहावी आणि शेजारी कबरीची हकीकत पुराव्यानिशी द्यावी. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांपुढे किल्ला राखला. तिचं मोठेपण त्या महालावर अवलंबून नाही.

जिवंत माणसाची बदनामी करणारं बिनपुराव्याचं वाक्य मात्र लगेच काढावं. तिथे वाट पाहू नये.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील जन्माने ब्राह्मण होते, हे वाक्य दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने फिरवतात. एक खोडतो, दुसरा परत टाकतो, पुस्तक कुणीच उघडत नाही. 'सर्वांना माहीत आहे' हा पुरावा नव्हे. हे फरिश्ताने आपल्या फारसी इतिहासात लिहिलंय, तर 'फरिश्ता लिहितो' असं म्हणा. त्याचं नाव घातलं की वाचक त्याला तपासू शकतो.

काम चिकाटीचं आहे. मौलाना आझादांनी १९४२ पासून याच नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली आणि त्यांत आठवणीतून शेकडो शेर घातले. पुढे मालिक राम यांनी साहित्य अकादमीच्या आवृत्तीसाठी एकेक शेर कुणाचा, कुठला, हे शोधलं. त्यांनी शेर खोडले नाहीत आणि आझादांचं नाव मोठं म्हणून तसेच सोडूनही दिले नाहीत.

उर्दू वाचता येणाऱ्यांवर ही जबाबदारी जास्त आहे. नगरच्या इतिहासाची कितीतरी साधनं फारसी-उर्दूत पडून आहेत, आणि आपण व्हॉट्सॲपवर रागावतो. म्हणून सुट्टीत नववीच्या मुलांना एकच काम दिलंय: नगरवरचं संदर्भ नसलेलं एक वाक्य निवडा, पुस्तक शोधा, पान क्रमांक लिहून आणा.