इंजिनाला म्हणे श्वास घेऊ द्या!

परवा मोहर्लीहून ओळखीतला एक पोरगा जिप्सी घेऊन घरी आला. ताडोब्यात सफारीची गाडी चालवतो. गाडी स्वतःची, म्हणजे अजून बँकेचीच.

"काका, इंजिन तेल पिऊन राह्यलं जी. निळा धूर येते."

बॉनेट उघडलं आणि बघतच राहिलो. कंपनीचा काळा डबा गायब! त्याच्या जागी लाल, चकचकीत कोन फिल्टर, क्लँपने आवळलेला, चारी बाजूंनी उघडा.

"हे कोणी लावलं?"

"गॅरेजवाला म्हणे, इंजिनले श्वास घेऊ द्या लागते. पिकअप वाढते म्हणे."

कोन काढून पुढच्या नळीत बोट फिरवलं. बोटावर पिवळसर धूळ. फिल्टरच्या अलीकडे नव्हे, पलीकडे! पुढचं सांगायची गरजच उरली नाही. रिंगा गेल्या होत्या, बोअरही घासला होता.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपरची इंजिनं उघडण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे हे 'श्वास घेऊ द्या' प्रकरण ऐकलं की माझं डोकं फिरतं. मंडळी, जरा हिशेब करू. साधाच आहे.

जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, चार स्ट्रोकचं. म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणार. ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३९०० लिटर. सिलिंडर काही पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा. झाले ३३०० लिटर. एवढी हवा फारसा अडथळा न होता जाईल, इतका कागद कंपनीने घड्या घालून डब्यात बसवलेला असतो.

आता सांगा, ताडोब्यात ६००० आरपीएमला गाडी कोण चालवतो? वाघामागे लागला तरी नाही! विसाच्या वेगाने, दीड हजार आरपीएमला गाडी रांगते. पूर्ण हवा घेतली तरी हजार लिटरच्या आत. आणि ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला, म्हणजे थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद. हवा अडते ती तिथे. दार तुम्हीच ओढून घेतलंय आणि 'घरात वारा येत नाही' म्हणून खिडकीची डासांची जाळी फाडताय! पिकअप कुठून वाढणार? वाढतो तो आवाज. उघड्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घुर्र आवाज येतो आणि पोरांना वाटतं, गाडीत दम आला.

बरं, हा कोन हवा घेतो कुठली? बॉनेटखालची तापलेली. आमच्या चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४७ अंश, ही बाहेरची गोष्ट. बॉनेटखाली ७० धरा. ४७ च्या मानाने ७० अंशाची हवा सुमारे ७ टक्के विरळ. म्हणजे पैसे देऊन ताकद घालवली.

पण ताकद गेल्याचं मला दुःख नाही. दुःख धुळीचं आहे. आपल्या धुळीत क्वार्ट्झ असतो, बोअरच्या बिडापेक्षा कठीण. त्यातही पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत वाईट. डोळ्याला दिसत नाहीत, पण रिंग आणि बोअर यांच्यामधल्या तेलाच्या थरात जाऊन पॉलिशपेपरसारखे घासत राहतात. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. ऐकायला फरक किरकोळ. पण आत जाणारी धूळ मोजा: अर्धा टक्का कुठे आणि तीन टक्के कुठे. सहापट! सफारीत तर पुढच्या जिप्सीची धूळ मागची जिप्सी खाते, सकाळ-संध्याकाळ.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला नवीन काही आवडतच नाही. फिल्टर खरोखर लहान पडू शकतो. सूरजागडचे खनिजाचे ट्रक सुरू झाल्यावर आलापल्लीकडच्या रस्त्यावर उडालेली लाल धूळ मी पाहिली आहे. अशा रस्त्यावर टर्बो डिझेलचा फिल्टर लवकर कोंडतो आणि गाडी काळा धूर ओकते. पण त्यावर उपाय जाळी विरळ करणं नाही, कागद वाढवणं हा आहे. क्षेत्रफळ दुप्पट केलं की कागदातून हवेचा वेग निम्मा होतो, अडथळा घटतो आणि धूळ साठायला जागाही मिळते. डंपरवर हेच असतं. आधी हवेला भोवरा देऊन जाड धूळ बाजूला पाडायची, मग मोठा फिल्टर, त्याच्या आत आणखी एक राखणीचा. जुन्या ट्रॅक्टरवरचा ऑइल बाथही याच अकलेतून आलेला. कोट्यवधींच्या डंपरला जी काळजी, ती कर्जाच्या जिप्सीला नको?

आणखी एक खोड म्हणजे पंक्चरच्या दुकानात रोज फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणं. त्या जोराने कागदाला बारीक भोकं पडतात. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच बारीक धूळ अडवतो. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगलं गाळतो, हे कोणी सांगतच नाही. फिल्टर कोंडला तर बदला. मधल्या काळात डब्याचं रबर, क्लिपा आणि नळीचे क्लँप तपासा. केसाएवढी फट राहिली तर उत्तम फिल्टरही फुकट.

कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बनवणं २०१९ मध्ये थांबवलं. जे इंजिन हातात आहे तेच जपायचं आहे. १ जुलैला कोअर बंद होतो तो थेट सप्टेंबर संपेपर्यंत, म्हणजे कमाई उन्हाळ्यातच. ऐन हंगामात या पोराची गाडी आता बोअरसाठी उघडून पडली आहे. हप्ता काही थांबत नाही. 'श्वास घेऊ द्या' सांगणारा मात्र हप्ता भरायला येणार नाही.

जुना डबा त्याने नशिबाने फेकला नव्हता. घरी कोंबड्यांचं दाणं ठेवायला घेतला होता. म्हटलं, कोंबड्यांना दुसरं काही दे बाबा, तो धुऊन आण.