बैलाचा सांधा आणि रक्ताचा लेप

जनावराच्याच रक्तापासून लेप तयार करून त्याचा दुखावलेला सांधा दुरुस्त करता येतो, असे ऐकून हल्ली काही पशुपालक माझ्याकडे चौकशी करतात. गुरांचा डॉक्टर या नात्याने माझे मत असे, की हा उपाय खोटा नाही. पण त्याच्या भरवशावर राहून पहिल्या आठवड्यातले साधे उपचार टाळणे मात्र घातक आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातूनच तिचे पोषण होते. कातडीची जखम भरते तशी ही भरत नाही. विल्यम हंटर यांनी 1743 सालीच नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही असे नोंदवून ठेवले होते. भरली तरी तिच्या जागी बहुधा तंतूंची निकृष्ट कूर्चा येते.

रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमध्ये, म्हणजेच प्लेटलेट्समध्ये, ऊती वाढवणारे घटक साठवलेले असतात. जनावराचे रक्त यंत्रात फिरवून बिंबिका वेगळ्या करायच्या, त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्रॉम्बिन मिसळायचे, की त्याचा जेल बनतो. तो कूर्चेच्या खळग्यात बसवतात. ससे, मेंढ्या, घोडे यांच्यावर प्रयोग झाले. काहींत खळगा चांगला भरला, काहींत विशेष फरक दिसला नाही.

माणसांच्या बाबतीतही सावध राहावे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या 288 जणांपैकी काहींना बिंबिकांचे इंजेक्शन दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी. वर्षभरानंतर वेदनेत वा कूर्चेत लक्षणीय फरक आढळला नाही. ही झीज जुनी होती. ताजी, लहान इजा हा प्रश्न वेगळा आहे आणि लेपाची खरी आशा तिथेच आहे.

आता आपल्या मालवणचा विचार करू. चिखलणीच्या दिवसांत बैलाचा पाय मुरगळतो, कातळावरून घसरतो. असा बैल लंगडा झाला तर जोत अडते. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने त्याला आयुष्यभर पोसायचे ओझे शेतकऱ्यावरच येते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून सुमारे 500 किलोमीटरवर. दुखऱ्या सांध्यावर टेम्पोतला हा प्रवास करवणे हीसुद्धा एक शिक्षाच!

म्हणून माझा आग्रह आहे तो साध्या गोष्टींसाठी. बैल लंगडला की त्याच दिवशी जोतातून सोडा. गोठ्यात कोरडी, न घसरणारी जागा द्या. डागणी देऊ नका. तिने कूर्चा भरत नाही, उलट कातडीला जखम होते. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. दुखणे दबले की बैल पाय टेकतो आणि इजा वाढते. डायक्लोफिनॅकवर तर गुरांसाठी 2006 पासून बंदीच आहे. ते दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मरतात. औषध आणि मात्रा पशुवैद्यालाच ठरवू द्या. सांधा सुजून गरम झाला, किंवा बैल पाय टेकेनासा झाला, तर एक दिवसही थांबू नका.

माझ्या मते लेपाची सोय उद्या जिल्ह्यातही व्हावी. पण तोपर्यंत, आणि त्यानंतरही, वेळेवर दिलेली विश्रांती हेच आपल्या गोठ्यातले पहिले औषध राहील.