घराण्याचा बहाणा

बृहन्महाराष्ट्रातील कोणत्याही मंडळात गणेशोत्सवाचा कार्यक्रम आटोपला, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमच्या घराण्यात गाणेबजावणे कुणालाच नाही, त्यातून ही बदलीची नोकरी. मुलाला कला येणार कुठून?" हे उद्गार काढणारे सद्गृहस्थ बहुधा अधिकारी असतात, आणि त्यांच्या स्वरात खेदापेक्षा सुटकेची भावनाच अधिक असते. या बहाण्याचा एकदा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

उदाहरण मुद्दाम अशा प्रांतातले घेतो, की ज्याचे नाव काढताच आमचे अभिजात रसिक कानांवर हात ठेवतील. 'क्वीन' या इंग्रज रॉक वृंदाचा गिटारवादक ब्रायन मे १९४७ साली लंडनजवळच्या हॅम्प्टन येथे जन्मला. त्याचे वडील हॅरल्ड हे कुणी उस्ताद नव्हते. सरकारी विमानखात्यात ते ड्राफ्ट्समन होते. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच पगारदार! त्यांच्या घरात हौशीने वाजवलेले एक लहानसे युकुलेली-बँजो होते. त्याचे स्वर त्यांनी मुलाला शिकविले आणि सातव्या वाढदिवसाला त्याला गिटार मिळाली.

पुढे मुलाला विजेवरची गिटार हवीशी झाली, पण ती विकत घेण्याची ऐपत नव्हती. आमच्याकडे प्रकरण येथेच निकालात निघाले असते. हॅरल्डसाहेबांनी मात्र १९६३ साली मुलासह हत्यारे हाती घेतली. जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून गिटारची मान कोरली गेली, मोटारसायकलच्या जुन्या स्प्रिंगा स्वरकंपनाच्या यंत्रणेत बसल्या, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे स्वरस्थानांच्या खुणा झाली. सुमारे दोन वर्षे हे काम चालले. तीच गिटार ब्रायनने जन्मभर वाजविली. २००२ साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावरही तीच होती.

आता सांगा, यात घराणे कोठे आले? पैसा कोठे आला? आले ते एका नोकरदार बापाच्या संध्याकाळी!

बदलीची आणि दूरदेशीच्या वास्तव्याची सबबही अशीच लंगडी आहे. याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, याचे वडील झांजीबारमध्ये ब्रिटिश सरकारचे रोखपाल. मुलगा समुद्रापलीकडे, आपल्याच पाचगणीच्या शाळेत वसतिगृहात राहून पियानो शिकला. घर दूर होते म्हणून सूर दूर राहिले नाहीत.

यावर कुणी म्हणेल, "मुलगा अभ्यास सोडून बहकला तर?" प्रश्न रास्त आहे, आणि हॅरल्डसाहेबांनाही तो पडला होता. खगोलशास्त्रातील पीएच.डी. अर्धवट टाकून ब्रायन वादनाकडे वळला, तेव्हा ज्या बापाने गिटार घडवायला मदत केली त्यानेच विरोध केला. पुढे न्यू यॉर्कला मुलाचे वादन ऐकल्यावर तो विरोध मावळला. ब्रायननेही २००७ साली साठाव्या वर्षी तो प्रबंध पूर्ण केला. प्रत्येक मुलगा ब्रायन मे होईल, असा आमचा दावा नाही. बहुतेक होणार नाहीत. परंतु मुलगा प्रसिद्ध होईल अशी हमी मागून दिलेला वेळ हा वेळ नव्हे. ती गुंतवणूक झाली. त्या दोन वर्षांत हॅरल्डसाहेबांना अशी हमी कुणीही दिलेली नव्हती.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे तो आमच्या अपराधामुळे. आमच्या मुलाने नववीत असताना गिटार मागितली होती. "परीक्षा होऊ दे," असे आम्ही म्हणालो, आणि परीक्षेमागून परीक्षा येत गेल्या. आज तो उत्तम हुद्द्यावर आहे. गेल्या दिवाळीत आम्हीच त्याला एक गिटार भेट दिली. त्याने आभार मानले आणि ती कपाटावर ठेवली. तिचे वेष्टन अद्याप उघडलेले नाही.

तेव्हा बंधूंनो, घराण्याच्या नावाने खडे फोडणे आता पुरे. आज कचेरीतून घरी परतल्यावर फायलींची चळत बाजूला सारा आणि मूल काय वाजवू पाहते आहे, ते एकदा कान देऊन ऐका. घराणी अशीच सुरू होतात.