ज्योत वातीवरच बसावी म्हणून



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या बचत गटाने शुभेच्छापत्रे करायला घेतली. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने ६० पत्रांची मागणी दिली होती. ठसे घरचेच, मोठ्या खोडरबरावर कोरून लाकडाच्या तुकड्यांवर चिकटवलेले. एक पणतीचा, एक ज्योतीचा. पणती तपकिरी शाईत, ज्योत केशरी. पहिली दहा-बारा पत्रे छान उतरली. मग घाई झाली. संध्याकाळी मोजून पाहिले तर ६० पैकी २३ वाया गेलेली. कुठे पणती कललेली, तर कुठे ज्योत वात सोडून भलतीकडेच पेटलेली! ज्या वहिनींनी ठसे कोरले होते, त्या बिघडलेली पत्रे बाजूला सारीत म्हणाल्या, “ताई, माझा हातच वाकडा. पुढच्या वेळी मला बोलावू नका.”

मला ते फार लागले. कारण दोष त्यांच्या हाताचा नव्हताच. ठसा कागदावर टेकवताना नेमकी तीच जागा लाकडाखाली झाकली जाते. न दिसणाऱ्या जागेवर नेम कसा धरायचा? शिवाय रबर लाकडावर थोडे तिरके चिकटले असले, तर लाकूड सरळ ठेवूनही चित्र तिरकेच उमटते. पेरणीच्या वेळी आपण नुसत्या नजरेवर विसंबतो का? पहिले तास सरळ पाडतो आणि पुढची तासे त्याच्या आधाराने जातात. ठशालाही असाच आधार द्यायला हवा. तो घरच्या घरी कसा करायचा, ते आज सांगते.

साहित्य : अर्धा इंच जाडीच्या, पाच-सहा इंच लांबीच्या दोन सरळ लाकडी पट्ट्या. सुताराकडे असे तुकडे पडलेले असतात. त्या टोकाशी जोडून काटकोन करा. मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या आतल्या कोपऱ्यात बसवून काटकोन बरोबर आहे ना, ते पाहा आणि मगच खिळे मारा. पट्ट्या जाडच हव्यात, म्हणजे ठशाचे लाकूड त्यांच्यावर चढत नाही. दुसरी वस्तू म्हणजे ट्रेसिंग पेपरचा तुकडा. त्याचा एक कोपरा गुण्या लावून अचूक कापा.

कृती : १. ट्रेसिंग पेपर पट्ट्यांच्या आतल्या कोपऱ्यात घट्ट भिडवा. ठशाला शाई लावा, लाकडाचा कोपरा त्याच कोपऱ्यात टेकवा आणि कागदावर ठसा उठवा. ठशाचे चित्र कोपऱ्यापासून किती अंतरावर व कोणत्या कलाने पडते, ते आता कागदावर कायमचे नोंदले गेले.

२. शाई वाळली की हा कागद शुभेच्छापत्रावर ठेवून सरकवत राहा. आरपार दिसत असल्यामुळे चित्र कुठे शोभते ते डोळ्यांना कळते. ज्योत नेमकी वातीवर आली की थांबा.

३. कागद न हलवता पट्ट्यांचा काटकोन त्याच्या कोपऱ्याला अलगद भिडवा. डाव्या हाताने पट्ट्या दाबून धरा आणि कागद काढून घ्या.

४. शाई लावलेला ठसा त्या कोपऱ्यात टेकवून सरळ खाली दाबा, सरळच वर उचला. चित्र ठरल्या जागीच उमटेल.

प्रत्येक ठशाचा कागद वेगळा करून जपून ठेवा. ठशाच्या लाकडावर ‘वरची बाजू’ दाखवणारा बाण काढा आणि दर वेळी तोच कोपरा टेकवा. कोपरा बदलला की सगळे गणित चुकले.

एकाच नमुन्याची पुष्कळ पत्रे करायची असतील, तर जुन्या पाटावर पत्र अडकेल अशा दोन पट्ट्या ठोका. पहिले पत्र जमले की काटकोन कुठे होता, त्याच्या खुणा पाटावर पेन्सिलीने करा. पुढच्या पत्रांना ट्रेसिंग पेपर लागणारही नाही. आधी सगळ्या पणत्या छापा, त्या वाळल्या की मग ज्योती.

लहानसहान गोष्टीही सांभाळा. पत्राची घडी आधी घाला, नाहीतर चित्र उलटे किंवा मागच्या बाजूला पडते. खाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा. ठसा शाईच्या गादीवर हलकेच टेकवा, घासू नका. दाबताना डोलवू नका. चित्र बरोबर मध्यावर न ठेवता किंचित वर घ्या, ते डोळ्यांना बरे दिसते. बटाट्याचा ठसा असेल, तर बटाट्याच्या बाजू चौकोनी कापून घ्या आणि त्याच दिवशी काम संपवा. दुसऱ्या दिवशी तो सुकून आक्रसतो.

ही युक्ती काही नवी नाही. सांगानेर-बगरूकडचे छिपा कारागीर कापड छापतात, तेव्हा लाकडी ठशाच्या कडेला बसवलेल्या बारीक खिळ्यांच्या खुणांवरून पुढचा ठसा जुळवतात. जपानमध्ये अठराव्या शतकापासून अनेक रंगांची चित्रे लाकडी ठशांनी छापली जात. तिथे प्रत्येक ठशाच्या पाटीवर एक काटकोनी आणि एक सरळ अशा दोन खाचा कोरीत आणि कागद त्यांतच टेकवीत. जन्मभर हेच काम करणारे हातदेखील नुसत्या अंदाजावर चालले नाहीत. मग आपण का चालावे?

वाया गेलेल्या त्या २३ पत्रांच्या चांगल्या भागांतून आम्ही फराळाच्या डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या कापल्या. नंतर पट्ट्यांचा काटकोन केला आणि उरलेली पत्रे पुन्हा छापली. वहिनींनी शेवटचे पत्र उचलून उजेडात धरले. ज्योत वातीवर होती. यंदा संक्रांतीच्या पत्रांसाठी हलव्याचा ठसा त्यांनी स्वतः होऊन कोरायला घेतला आहे.

तुम्हीही करून पाहा. पहिले चार ठसे मात्र रद्दीवरच उठवा!