शस्त्रपूजन आणि शस्त्रनोंद

विजयादशमीला पाटावर शस्त्र मांडून त्यावर गंधाक्षता वाहण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या घरी परवान्याच्या तीन बंदुका होत्या, त्या घराला डिसेंबर २०१९ च्या शस्त्र सुधारणा कायद्याने तिसरी बंदूक वर्षभराच्या आत पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगितले. हे हिंदू समाजाचे निःशस्त्रीकरण नव्हे काय, असा प्रश्न आपल्यातीलच अनेक सुजाण मंडळी तेव्हापासून विचारीत आली आहेत. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याची वासलात लावून चालणार नाही.

शंकेचे मूळ इतिहासात आहे. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्याला त्यातून मोकळे ठेवले. खरा अपमान होता तो या भेदात. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या माजघरांपर्यंत गोरे शिपाई शिरले, तेव्हा त्या निःशस्त्रतेचा अर्थ या शहराला पुरता उमगला. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तो राज्यघटनेत यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असे त्यांचे म्हणणे होते. संघटित समाजशक्तीवर विश्वास ठेवणाऱ्यांना ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही.

२०१९ च्या मूळ विधेयकात एका परवानाधारकास एकच बंदूक ठेवण्याची मुभा होती. १९८३ पासूनची मर्यादा तीनची. हरकती आल्या, सरकारने ऐकून घेतले आणि आकडा दोनवर ठरला. नेमबाजांना वेगळी सवलत राहिली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली, वरातीत बार काढणाऱ्याला शिक्षा आली. ही तडजोड आम्हांस योग्य वाटते. वाडवडिलांच्या बंदुकीची आठवण जपायला दोन पुरेशा आहेत. आणि वरातीतल्या त्या बाराला शौर्य म्हणण्याची आमची तयारी नाही.

मात्र नोंदलेल्या बंदुका मोजून पुणे सुरक्षित होणार नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. अशा टोळीयुद्धांत वापरल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. तो कोठून येतो, हे पोलिसांना ठाऊक आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडील मध्य प्रदेशातील उमरटीवर नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनीच जाऊन कारवाई केली. ती एकदाची ठरू नये. भट्ट्या पुन्हा पेटायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरी फट परवान्याच्याच वाटेवर आहे. शहरात परवाना देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. त्यांच्या नकारावर अपील राज्य शासनाकडे. पोलिसांनी नाकारलेल्या अर्जाला मंत्रालयातील अपिलात मंजुरी मिळाल्याचे पुण्यातील प्रकरण २०२५ मध्ये गाजले. परवाना प्रत्यक्षात दिला गेला नाही, ही पोलिसांची दक्षता. सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून याविषयी मौन पाळावे, असे आम्हांस वाटत नाही. सामान्य गृहस्थाने तिसरी बंदूक निमूट जमा केली. मग पोलिसांचा नकार फिरविणाऱ्या प्रत्येक अपिलाची कारणे लेखी नोंदवून जाहीर करण्यास शासनाची हरकत का असावी?