माश्या मारण्याचा उद्योग

रिकामटेकड्या माणसाला आपल्याकडे विचारतात, "काय, माश्या मारतोयस का?" पण जगात काही माणसं खरोखरच माश्या मारतात, पिनेला टोचतात आणि त्यातच उभं आयुष्य घालवतात. माझं तर स्पष्ट मत आहे की ही मंडळी आपल्याइतकीच, किंबहुना कांकणभर जास्तच, इंजिनिअर आहेत. हसू नका मित्रांनो, पुढे वाचा.

डोलिकोपोडिडी हे माश्यांचं एक कुळ. ग्रीकमध्ये 'डोलिकोस' म्हणजे लांब आणि 'पूस' म्हणजे पाय; आपण लांबपायी माशी म्हणू. इवलीशी, बहुतेकदा चमकदार हिरवी, पानावर ऐटीत उभी. कचऱ्यावरच्या माशीशी हिची गल्लत करू नका. ही शिकारी आहे, छोटे मऊ किडे पकडून खाते. आतापर्यंत सात हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून नव्या अजून सापडतच आहेत.

नवी जात ठरवतात कशी? जंगलात तंबूसारखा मलेझ ट्रॅप लावायचा. माशी जाळीला अडते, वर चढते आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पायांवरचे राठ केस, पंखांच्या शिरा तपासायच्या. पण खरी ओळख बऱ्याचदा नराच्या पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियात असते. ते टोक कापायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी बघायचं आणि चित्र काढायचं. मशीन ड्रॉइंगच्या एका शीटला कंटाळणाऱ्यांनो, इथे अख्खा जॉब काही मिलिमीटरचा आहे! मग जुन्या म्युझियममधले नमुने बघायचे, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिला नाव देऊनही ठेवलेलं असू शकतं. एवढं झाल्यावर वर्णन छापायचं आणि एक नमुना 'होलोटाइप' म्हणून कायमचा जपायचा.

हा होलोटाइप म्हणजे आपलं स्टँडर्डच की! किलोग्रॅमची व्याख्या २०१९ मध्ये पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लँकच्या स्थिरांकावर गेली. माशीला असा स्थिरांक नाही. तिचं प्रमाण म्हणजे ती पिनेवरची माशीच. २०१८ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि कीटकांचा प्रचंड संग्रह जळाला, तेव्हा अशी किती प्रमाणं गेली असतील, विचार करा.

कामाचा आवाका बघायचाय? कोस्टारिकातल्या सुर्की इथे जेमतेम चार हेक्टर जंगलात वर्षभर माश्या गोळा केल्या. २०१८ मध्ये निकाल छापला: सर्व कुळं मिळून ४,३३२ जाती! ओळखायला जगभरातले ५९ तज्ज्ञ लागले. चार हेक्टर म्हणजे एखादं कॉलेज कॅम्पस!

"पण याचा उपयोग काय?" हा आपला लाडका प्रश्न. माझ्या मावसबहिणीला कीटक-वर्गीकरणात पुढे शिकायचंय आणि घरात रोज हेच ऐकावं लागतं. मला विचाराल तर, पार्ट लिस्ट नसलेलं मशीन आपण दुरुस्त करायला घेऊ का? जंगल तोडल्यावर नेमकं काय गेलं, हे नावांशिवाय सांगणार कसं? आणि उपयोगच हवा असेल तर याच कुळातल्या मेडेटेरा माशीच्या अळ्या झाडांच्या सालीखालच्या भुंग्यांची पिल्लं फस्त करतात.

कुणी म्हणेल, आता हे काम कॉम्प्युटर करेल. जरूर करावं. डीएनए बारकोडिंगची कल्पना २००३ मध्ये आली, तिने नर-मादीची जोडी जुळवणं सोपं झालं. पण डीएनए फक्त वेगळेपण दाखवतो. त्या वेगळेपणाला जुनं नाव लागू पडतं की नवं, हे जुना नमुना बघणाराच सांगतो. प्रोग्रॅमलाही आधी योग्य नाव लावलेले फोटो लागतातच ना? ते लावणारी माणसं मोजकी आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना आपण 'माश्या मारू नका' म्हणतोय!

तेव्हा फायनल इयरला पुन्हा तोच ट्रॅफिक लाइट कंट्रोलर करण्यापेक्षा जवळच्या कॉलेजच्या झूऑलॉजी विभागात जा. विचारा, तुमचं सगळ्यात वेळखाऊ काम कोणतं? नमुन्यांची वर्गवारी, फोटो, डेटाबेस, काहीतरी आपल्या हातचं नक्की निघेल. मार्क तेवढेच पडतील, आणि प्रोजेक्ट सबमिशननंतर रद्दीत जाणार नाही.