कोयत्यामागे पोषण कधी जाणार?

सप्टेंबर हा पोषणाचा महिना. १ ते ७ सप्टेंबरचा राष्ट्रीय पोषण सप्ताह १९८२ पासून पाळला जातो आणि २०१८ मध्ये पोषण अभियान आले तेव्हापासून अख्खा महिनाच पोषणाच्या नावे लागला. बीड जिल्ह्यातही या दिवसांत अंगणवाड्यांपुढे रांगोळ्या निघतात, रानभाज्या आणि कडधान्यांच्या पाककृती मांडल्या जातात, गरोदर बायांची ओटी भरली जाते. यात वावगे काही नाही. पण महिना सरतो, दसरा होतो आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी या भागांतली गावे ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठ-मीठ, शेळी, लेकरे आणि त्यांच्यात पोटुशी बाई. महिन्यापूर्वी अंगणवाडीत जिची ओटी भरली तीच ही. पुढचे पाच-सहा महिने ती कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटकडच्या उसाच्या फडात असेल. तिच्या नावाचा शिधा मात्र गावच्या अंगणवाडीत असेल.

हिशेब साधा आहे. गरोदरपणाचे नऊ महिने आणि बाळाला निव्वळ अंगावर पाजायचे सहा, मिळून पंधरा. दिवस कोणत्याही महिन्यात राहोत, दरवर्षी तोडीला जाणाऱ्या बाईचा या पंधरा महिन्यांतला एका हंगामाइतका काळ फडावर जाणारच. आपल्या योजना मात्र ती बारा महिने गावात आहे असे धरून आखलेल्या. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. आशाताई गावात, गोळ्या उपकेंद्रात आणि बाई तीन जिल्हे ओलांडून पलीकडे. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये नोंदणी, तपासणी, लसीकरण अशा टप्प्यांना बांधलेले. टप्पा चुकला की हप्ता अडकला.

मग ती घरी का राहत नाही, असे शहरातला वाचक विचारील. उत्तर उचलीत आहे. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. ती रक्कम पेरणीत, दवाखान्यात, लग्नकार्यात कधीच उडालेली असते. जुलैत दिवस गेले तरी हंगामाला जोडी हजर व्हावीच लागते. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याने उचल फिटत नाही. मागे ठेवायची पंचाईत म्हणून पोरींची लग्नेही लवकर उरकली जातात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे जिचे स्वतःचे अंग अजून भरायचे आहे, तिच्या पोटात दुसरा जीव वाढतो.

फडावरचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, चूल पेटते, दोन्ही वेळच्या भाकरी थापून फडक्यात बांधल्या जातात, पाणी भरायचे आणि उजाडायच्या आत फडात. गडी तोडत जातो; बाई वाढे छाटते, मोळ्या बांधते आणि पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. दुपारी बांधावर भाकरी, मिरचीचा ठेचा, असलाच तर कांदा. डाळ शिजायला वेळ आणि सरपण लागते, म्हणून ती रोज होत नाही. बाहेर जायला आडोसा नाही, म्हणून पाणीही बेतानेच प्यायचे. एक दिवस बसून काढला तर खाडा, आणि खाड्याचा दंड हिशेबात चढतो. आजारपणाची रजा तिथे नाही. बाळंतपणाची तर नाहीच.

या भाकरी-ठेच्यासमोर शरीराची मागणी ठेवून पाहावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे गरोदर बाईला रोजच्यापेक्षा सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६००. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनांची गरज २२ ग्रॅमने वाढते. एक जादा भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे यांत साडेतीनशेचा हिशेब जवळपास पुरा होतो. सल्ला देणाऱ्याने मात्र फडावर चूल एकदाच नीट पेटते हे धरून बोलावे. रात्री भिजवलेले हुलगे किंवा मटकी सकाळच्या जाळावर उकडून घेता येते. तीळ-कारळ्याची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू टिकतात. अंडे उकडायला वेगळे सरपण लागत नाही. भाकरीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागते; जेवणाला लागून चहा घेतला तर लागत नाही. लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नसते. आणि पोट मोठे झाले तर बाळंतपण अडेल म्हणून कमी खा, हा घरोघरी मिळणारा सल्ला सर्वांत घातक. कमी खाण्याने बाळ कमी वजनाचे होते आणि आई रक्त कमी पडलेल्या अवस्थेत बाळंत होते. महाराष्ट्रात शंभरातल्या पंचेचाळीसहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आहे, हे त्याच कुटुंब आरोग्य पाहणीचे सांगणे.

बाळंतपणानंतरचे चित्र याहून बिकट. घरी असती तर सव्वा महिना शेक-शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू तिच्या वाट्याला आले असते. फडावर ती काही दिवसांतच उसात असते. बाळ जन्मल्यावर तासाभरात पाजावे, पहिला चीक टाकू नये, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे पाजत राहावे हे सारे तिला ऐकून ठाऊक आहे. पण बाळ कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ आणि आई फडात, मग चहात बुडवलेले बिस्कीट बाळाच्या तोंडी जाते. यात आईचे अज्ञान शोधणे सोपे आहे. पाजायला अर्धा तास मोकळा करून देणे अवघड आहे, म्हणून ते कोणी करत नाही.

अशी एकामागून एक बाळंतपणे काढलेल्या शरीराचे पुढे काय होते, हे २०१९ मध्ये देशाने पाहिले. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींवर औषध, आहार, विश्रांती आधी हवी होती. मिळाली थेट शस्त्रक्रिया. त्यात अंडाशयही गेले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सारे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. आणि पुढच्या हंगामाला पुन्हा डोक्यावर मोळी असतेच.

त्यानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कामाला लागले, हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणी होऊ लागली. या तपासणीतूनच २०२५ मध्ये दीड हजारांहून अधिक गर्भवती ऊसतोडीला गेल्याचे बाहेर आले. मोजदाद झाली, हे चांगले. पण मोजल्याने कोणाचे पोट भरत नाही.

पोट भरण्याची वाट नव्याने शोधायचीही गरज नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ पासून गरोदर आणि सहा महिन्यांपर्यंतच्या स्तनदा मातेला मोफत आहाराचा हक्क देतो. ती कोणत्या जिल्ह्यात आहे हे तो विचारत नाही. आपल्याच राज्यात आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अशा मातांना रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत जेवण वाढले जाते. अंगणवाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोषण ट्रॅकरवर एका अंगणवाडीतले नाव दुसरीकडे वळवता येते. उरतो तो प्रश्न जबाबदारीचा, आणि तिथे कारखाना म्हणतो कामगार मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी कारखान्याचा. बाळंतपणातल्या कामगार बाईची जबाबदारी घेणे नवे मात्र नाही. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला. १९२८ मध्ये विधिमंडळात त्याची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली होती. आज कायद्याने कारखान्यातल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या बाईला शून्य.

म्हणून पोषण महिन्याच्या समारोपात आणखी एक शपथ घेण्यापेक्षा तीन कामे करावीत. बीडच्या प्रत्येक अंगणवाडीने गाव सोडणाऱ्या गर्भवती आणि स्तनदा मातांची यादी कारखानानिहाय करून ती त्या जिल्ह्याकडे पाठवावी आणि लाल गोळ्यांचा पुरा साठा बाईच्या हाती द्यावा. गाळप सुरू असेपर्यंत कारखान्याच्या गटांत अमृत आहाराच्या धर्तीवर रोजचे गरम जेवण आणि पाळणाघर चालावे. आणि प्रत्येक टनाचा काटा काटेकोर ठेवणाऱ्या कारखान्याला साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देण्याआधी विचारावे: तुमच्या फडात गरोदर आणि स्तनदा बाया किती, आणि त्यांच्या जेवणाची सोय कुठे? उत्तर मिळत नसेल, तर परवाना थांबवावा.